सरासरी उत्सर्जन आणि वाढीव उत्सर्जन

निपाणी-चिकोडीकडच्या गुऱ्हाळात दिवसाच्या पहिल्या आधणाला (काहिलीत एका वेळी उकळायच्या रसाला) चिपाड, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाचे जळण, जास्त जाते, कारण चुलवाण आणि काहील दोन्ही गार असतात. दिवसभराच्या चिपाडाला आधणांच्या संख्येने भागले की सरासरी मिळते. पण सायंकाळी आणखी एक आधण घ्यायचे का, हे ठरवताना गुळव्या त्या एका आधणाचेच सरपण पाहतो. (चिपाडातला कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असल्याने त्याचा हिशेब निराळा धरतात, येथे दाखला फक्त भागाकाराचा आहे.)

कर्नाटकातच मंगळूरला असलेल्या रिफायनरीसारख्या कारखान्यात कोणते कच्चे तेल कोणत्या दिवशी, किती घ्यायचे याचे वेळापत्रक आखताना सरासरी आणि वाढीव या दोन आकड्यांचा असाच घोटाळा होतो. समजा, रोज 10,000 टन तेलावर 2,000 टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे सरासरी टनामागे 0.20 टन. आणखी 1,000 टन हलके, कमी गंधकाचे तेल घेतल्यावर एकूण उत्सर्जन 2,150 टन झाले, तर वाढीव आकडा 0.15 येतो, कारण भट्ट्या आधीच तापलेल्या असतात. तेच तेल जास्त गंधकाचे असेल आणि एकूण 2,300 टनांवर गेले, तर वाढीव आकडा थेट 0.30 होतो, सरासरी मात्र 0.20 वरून जेमतेम 0.21 वर सरकते. सरासरी पाहणाऱ्याला यात काही बिघडलेले दिसतच नाही.

हा फरक मुख्यतः हायड्रोजनमुळे पडतो. एप्रिल 2020 पासून देशभर डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्षात 10 भाग आहे. गंधक काढायला हायड्रोजन लागतो, आणि तो नैसर्गिक वायूपासून करताना, इंधन धरून, दर किलोमागे सुमारे 9 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

सरासरी निरुपयोगी आहे, असे नव्हे. भारताच्या 2023 च्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेतील उद्दिष्टे उत्पादनाच्या एककामागील उत्सर्जनावर बेतलेली असल्याने वर्षअखेरच्या हिशेबाला तीच लागते. वेळापत्रकात कार्बनची किंमत (उत्सर्जनाच्या दर टनामागे धरलेली रक्कम) घालताना मात्र ती वाढीव आकड्यालाच लावावी, असे माझे मत आहे. त्यातही एक अडचण उरते: जादा तेलासाठी बंद असलेला बॉयलर पेटवावा लागला, तर उत्सर्जन हळूहळू न चढता एकदम उडी घेते, आणि ती उडी कोणत्याही टनामागच्या दरात बसत नसल्याने ‘बॉयलर चालू की बंद’ हा निर्णय गणितात स्वतंत्रपणे मांडावा लागतो.