धातू जितका ताठ, तितकं हाड पक्कं?

हाडात बसवायचा धातू जितका ताठ तितकं हाड पक्कं, असा समज आहे. ताकद हवीच, पण ताठपणा वेगळा. हाडाच्या कठीण बाह्यथराचा लवचिकता गुणांक (ताठपणाचं माप) साधारण 10 ते 30 गिगापास्कल, टायटॅनियमचा 110च्या आसपास. शेजारी इतका ताठ धातू असला की बराचसा भार तोच पेलतो आणि काम न उरलेलं हाड विरळ होतं.

मग नुसतं सिरॅमिक? हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट हे हाडातल्या खनिजासारखं सिरॅमिक हाडाशी छान जुळतं, पण ठिसूळ. म्हणून टायटॅनियम आणि त्याचं सच्छिद्र मिश्रण: ताठपणा उतरतो, जोडलेल्या छिद्रांत हाड शिरतं. (छिद्रं वाढली की ताकदही घटते.) हे मिश्रण भाजताना भट्टी जास्त तापली तर टायटॅनियमच्या संगतीत हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचं विघटन होतं, क्ष-किरण विवर्तनात (स्फटिकरचना ओळखणाऱ्या चाचणीत) ते दिसतं.

पडताळायला साहित्याच्या माहितीपत्रकात दोन आकडे पाहा: ताकद मेगापास्कलमध्ये, गुणांक गिगापास्कलमध्ये.