धुराड्याला नुसता फिल्टर लावून कार्बन पकडता येत नाही

कोळशाच्या वीजकेंद्राचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, धुराड्याला फिल्टर लावा ना, झालं काम. राखेसाठी ठीक आहे, ते कण असतात, विजेच्या भाराने राख ओढून घेणाऱ्या ईएसपी यंत्रात अडकतात. पण कार्बन डायऑक्साइड हा वायू, तोही धुरात १२-१४ टक्केच, बाकी बहुतेक नायट्रोजन, मग यातून तो निवडायचा कसा?

तर अमाईन वापरून. ही अमोनियाची चुलत भावंडं, वासही तसाच नाकात जाणारा. धूर थंड करून ४० डिग्रीच्या आसपास आणतात आणि उंच टॉवरमध्ये खालून सोडतात, वरून अमाईनचं पाणी झिरपत येतं. कार्बन डायऑक्साइड आम्लधर्मी, अमाईन अल्कधर्मी, दोघं चिकटतात आणि नायट्रोजन वरून निघून जातो. मला खरा आवडतो तो पुढचा भाग, कारण ही जोडी कायमची नसते! तेच द्रावण दुसऱ्या टॉवरमध्ये १२० डिग्रीपर्यंत तापवलं की वायू सुटतो, जवळजवळ शुद्ध, आणि अमाईन परत पहिल्या टॉवरमध्ये कामाला. खायच्या सोड्याचंही असंच आहे, तापला की त्यातला हाच वायू सुटतो आणि नानकटाई फुलते.

आता हे तापवायला उष्णता कुठून आणायची? टर्बाइन फिरवणाऱ्या वाफेतूनच. त्यात द्रावणात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, तेही फुकट तापवावं लागतं, शिवाय सुटलेला वायू दाबून पाइपलाइनमध्ये घालायला कॉम्प्रेसर लागतो, तो वीज खातो ते वेगळंच.

कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये बाउंडरी डॅम नावाच्या कोळशाच्या वीजकेंद्राचं ३ नंबरचं जुनं युनिट असंच बदललं, २०१४ मध्ये सुरू झालं. आधी १३९ मेगावॉटचं होतं, नंतर ग्रिडला साधारण ११५ मिळू लागले, तेही टर्बाइन नवीन बसवून. बारीक राख अमाईनमध्ये जाऊन फेस व्हायचा, द्रावण खराब व्हायचं. वर्षाला १० लाख टन पकडायचं ठरलं होतं, तेवढं जमलं नाही. आणि पकडलेला बराचसा वायू तेलविहिरींत घालून आणखी तेल काढलं, म्हणून 'क्लीन कोल' हा शब्द ऐकला की मला राग येतो.

तरी तंत्र खोटं नाही, रसायन चालतंच, प्रश्न आकाराचा आहे. आपल्याकडे विंध्याचल वीजकेंद्रात एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने २०२२ मध्ये रोज २० टन पकडणारा प्लांट ५०० मेगावॉटच्या युनिटला जोडला. आता हिशोब करा, असं युनिट पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला १ कोटी २० लाख युनिट वीज, विजेच्या एका युनिटमागे सुमारे ९०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणजे रोजचे १० हजार टनांहून जास्त. त्यातले २०.