बीपीची विश्रांती आणि मेंदूची विश्रांती

ठाण्यात तलावपाळीला सकाळच्या फेऱ्या संपल्या की कट्ट्यावरच्या गप्पा बीपीवर येतातच. परवा शेजारचे काका तक्रार करत होते, "दहा मिनिटं डोळे मिटून बसलो, डोक्यात एक विचार नाही, तरी वरचा आकडा 128! मेंदू शांत झाला तर बीपी उतरायला नको?" काकांनी एकच 'शांत' दोन निराळ्या गोष्टींना लावला होता.

बीपीची विश्रांती साधी आहे. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, दंड हृदयाच्या पातळीला, तोंड बंद. चालताना चढलेला आकडा बसल्यावर खरोखरच उतरतो, कारण स्नायूंची मागणी घटते. (पट्टा फुगत असताना काका जांभळी नाक्यावरचे भाजीचे भाव सांगत होते. बोलण्यानेही आकडा चढतो.)

मेंदूला असं 'उतरणं' फारसं नाही. वजनाने शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण बसल्या जागी ऊर्जेचा खर्च 20 टक्क्यांच्या आसपास. अवघड गणित घातलं तरी त्यात भर पडते ती 5 टक्क्यांच्या आतली. 2001 साली मेंदू-संशोधक मार्कस रेचल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हातात काम नसताना मेंदूचे काही भाग कामाच्या वेळेपेक्षा जास्त सक्रिय असतात. त्यांना 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' म्हणतात; जुन्या आठवणी, उद्याचे बेत, स्वतःविषयीचे विचार तिथे घोळत असतात. थोडक्यात, काकांचं रिकामं डोकं चांगलंच भरलेलं होतं.

मग दोघांचा संबंध कुठे येतो? मानेतल्या धमनीत दाब ओळखणारे संवेदक असतात. त्यांची खबर मेंदूच्या बुंध्यातल्या मेड्युलाला जाते आणि तिथून हृदयाची गती, रक्तवाहिन्यांचं आकुंचन लगेच जुळवलं जातं. आपण काय विचार करतोय, याची तिथे वाट पाहिली जात नाही. इन्सुला, अमिग्डाला असे वरचे भाग भीती, चिडचिड झाली की या यंत्रणेला ढकलतात, एवढं खरं. पण रोजचा पायाभूत आकडा ठरवण्यात मूत्रपिंड, मीठ, वय आणि वाहिन्यांची लवचिकता यांचाही मोठा हात असतो.

उलट दिशेने, निरोगी माणसाचा मेंदू बीपीतल्या लहानसहान चढउतारांपासून बराचसा सुरक्षित असतो. दाब वाढला की त्याच्या वाहिन्या आकसतात, घटला की रुंदावतात. ही सोय कुठवर चालते, याची पाठ्यपुस्तकं सरासरी दाबाची 60 ते 150 ही मर्यादा देतात. आता ती याहून अरुंद मानली जाते. 120/80 ची सरासरी येते साधारण 93 (100 नाही, कारण दाब खालच्या आकड्याजवळ जास्त वेळ असतो). म्हणजे 118 काय नि 128 काय, मेंदूला मिळणारं रक्त जवळपास तेवढंच.

खरी गोम मेंदूच्या मोजमापात आहे. एफएमआरआय, म्हणजे मेंदूचे सक्रिय भाग दाखवणारं स्कॅन, पेशींची विद्युतक्रिया थेट पाहत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचे बदल पाहतं. आणि बीपी स्वतःच साधारण दर 10 सेकंदांनी किंचित वरखाली होत असतं. त्याला मायर लहरी म्हणतात. विश्रांतीतल्या मेंदूचे जे संथ चढउतार अभ्यासतात, ते बहुधा 10 ते 100 सेकंदांच्या आवर्तनांचे. दोघं एकमेकांच्या कुंपणाला टेकलेले. त्यामुळे पडद्यावर उजळलेला ठिपका पेशींचा की नुसत्या वाहिन्यांचा, हे वेगळं काढण्यासाठी संशोधक श्वास आणि नाडीही सोबत नोंदवतात.

काकांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मोजताना विचार केला तर चालेल?"

"चालेल. फक्त भाजीचे भाव नंतर सांगा."