बेकारीचा आकडा : सालाचा, आठवड्याचा की रोजचा?

समाजवाद की भांडवलशाही हा वाद बेरोजगारीपर्यंत आला की दोन्ही बाजू आपापली टक्केवारी पुढे करतात. कुणाला बेकार धरून ती काढली, हे मात्र क्वचितच विचारलं जातं.

सोव्हिएत सरकारने १९३० साली बेकारी संपल्याचं जाहीर केलं आणि बेकारभत्ता बंद केला. १९३६ च्या राज्यघटनेत कामाचा हक्क आला. १९६१ मध्ये तर काम न करणाऱ्याला 'परोपजीवी' ठरवून हद्दपार करायची तरतूद झाली. तिथलं शून्य मोजून आलेलं नव्हतं. अमेरिकेत मागच्या चार आठवड्यांत काम शोधलं नसेल, तर साधारणपणे माणूस बेकारांत धरत नाहीत. त्यामुळे लोकांनी थकून शोध सोडला, तरी दर उतरतो.

आपल्याकडचा गुंता वेगळा आहे. सुरुवातीच्या पंचवार्षिक योजनांत बेकारांची शिल्लक एका ठोक आकड्यात मांडत असत. १९६८ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने १९७० च्या अहवालात ही पद्धत सोडायला सांगितलं. गिरणीतून काढलेला कामगार कधी बेकार झाला ते तारखेनिशी सांगता येतं; पेरणी आटोपून कापणीची वाट बघणाऱ्या शेतमजुराचं तसं नसतं. मग एकाच माणसाचे तीन हिशेब ठरले: सालाचा, आठवड्याचा आणि रोजचा.

या पद्धतीची पहिली मोठी पाहणी ऑक्टोबर १९७२ मध्ये सुरू झाली, नेमकी महाराष्ट्रातल्या दुष्काळात. गावोगाव खडी फोडायची, पाझर तलावाची, रस्त्याची कामं निघाली होती. मस्टरवर (हजेरीपटावर) अंगठा, खायला मिलो ही परदेशातून आणलेली लाल ज्वारी आणि पोरांना सुकडी हा पौष्टिक खाऊ. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. आदल्या वर्षीपर्यंत यातले बहुतेक जण कुठल्याही नोंदीत 'बेरोजगार' नव्हते. यातूनच रोजगार हमीला कायद्याचं रूप मिळालं: १९७७ चा कायदा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. खर्चासाठी लावलेला व्यवसाय कर नोकरदारांच्या पगारातून आजही कापला जातो. माझ्या मते बेकारीची सगळ्यात खरी मोजणी या मस्टरांनी केली, कारण मागेल त्याला काम दिल्यावरच किती जण मागतात ते दिसलं.

त्या पहिल्या पाहणीत सालाच्या हिशेबाने बेकारी दोन टक्क्यांच्याही खाली होती, रोजच्या हिशेबाने आठ टक्क्यांच्या वर. देश एकच, वर्षही तेच.

एवढा फरक कसा पडतो ते एका बाईच्या आठवड्यावरून बघू. सोमवार-मंगळवार खुरपणी, बुधवारी दुपारपर्यंत काम, पुढे कुणी बोलावलंच नाही. रोजच्या हिशेबात दिवसाचे दोन भाग करतात: चार तास किंवा जास्त काम म्हणजे पूर्ण दिवस, एक ते चार तास म्हणजे अर्धा. बुधवारी चार तास भरले नसतील आणि उरलेल्या वेळी ती कामाला तयार असेल, तर तिचे अडीच दिवस कामाचे आणि साडेचार दिवस बेकारीचे. आठवड्याच्या हिशेबात सात दिवसांत एक तास काम झालं तरी ती रोजगारात. सालाच्या हिशेबात तर एरवी घरात असलेल्या बाईने वर्षात ३० दिवस शेतात मदत केली, तरी ती कामकरी ठरते. मजुरी मिळाली का, हा प्रश्नच येत नाही.

म्हणून २०१७ मधला बदल मला खुपतो. जुन्या पंचवार्षिक पाहण्या थांबून नवी, सतत चालणारी पाहणी आली, तेव्हा मुख्य आकडे सालाचे आणि आठवड्याचे राहिले. रोजचा दर मागे पडला. शहरात महिन्याच्या पगारावर असलेल्याला याने फरक पडत नाही. ज्याला सकाळी नाक्यावर उभं राहून काम मिळवावं लागतं, त्याची बेकारी दिसायला तो एकच हिशेब होता.

त्या पाहणीचा पहिला आकडा सालाच्या हिशेबाने ६.१ टक्के आला. तो ४५ वर्षांतला उच्चांक असल्याच्या बातम्या फुटल्या, अहवाल अडकला, आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या मंडळातल्या दोघांनी राजीनामे दिले आणि निवडणूक आटोपल्यावर, ३१ मे २०१९ रोजी, अहवाल बाहेर आला. सरकारचं म्हणणं होतं की नमुना निवडायची रीत बदलल्याने जुन्याशी तुलना होत नाही. रीत बदलली होती हे खरंच, पण त्यासाठी अहवाल रोखायची गरज नव्हती.

२०२३-२४ पर्यंत हाच दर ३.२ टक्क्यांवर आला. आर्थिक सुधारणांचे समर्थक हा आकडा दाखवतात. याच काळात स्वयंरोजगारातल्यांचा वाटा ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेला; घरच्या शेतात-दुकानात बिनपगारी राबणाऱ्या बायकाही त्यातच येतात. ज्याच्या घरी चार महिन्यांचं धान्य आहे तो मनाजोगतं काम मिळेपर्यंत थांबतो. बाकीचे मिळेल ते करतात आणि रोजगारात मोजले जातात.

एप्रिल २०२५ पासून दर महिन्याला आकडा निघतो. पहिला ५.१ टक्के होता, आठवड्याच्या हिशेबाने काढलेला.