नहपानाच्या नाकावर सातवाहनांचा डोंगर

यंदाच्या पाडव्यालाही तो मेसेज आलाच. शालिवाहनाने मातीच्या पुतळ्यांत प्राण फुंकून शकांना हरवलं आणि म्हणे सातवाहनांच्या नाण्यांच्या कार्बन डेटिंगने ते सिद्धही झालं. पुतळ्यांचं राहू द्या. पण कार्बन डेटिंग होतं ते लाकूड, हाड, धान्य अशा कधीकाळी जिवंत असलेल्या वस्तूंचं. चांदीच्या नाण्यात मोजणार काय?

खरा पुरावा घणाच्या घावात आहे. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. मूळ नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची (क्षहरात हे शकांचं एक घराणं, क्षत्रप ही त्यांच्या राज्यकर्त्याची पदवी). त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकलेली!

हे ठोकणं मोठं गमतीचं. ऐरणीत बसवलेला खालचा ठसा, त्यावर नाणं, वर हाताने धरलेला दुसरा ठसा आणि मग घण. चांदी वितळते 962 अंश सेल्सिअसला; इथे ती घनरूपातच सरकते. स्फटिकांतले अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. ठशाचा सपाट भाग दाबतो तिथून चांदी ठशाच्या खोबणीत शिरते, नवी चिन्हं उठतात, जुना चेहरा चेपतो. पण पुरता नाही. आधीच्या घावांनी थरांतले दोष एकमेकांत अडकून चांदी ताठर झालेली असते (सोनार पत्रा ठोकताना मध्येच तापवतो तो म्हणूनच). त्यात घाव तिरका बसला किंवा खोबणीच्या तळाशी चांदी पोचली नाही, की तिथे जुनं शिल्लक राहतं. मग गौतमीपुत्राच्या चिन्हातल्या तीन कमानींच्या डोंगराआडून नहपानाचं नाक डोकावतं, कुठे त्याच्या नावातलं एखादं अक्षर.

वरचं ते नंतरचं. चिखलातल्या पावलावरून बैलगाडीचं चाक गेलं, तर आधी कोण गेलं हे पोरही सांगेल. नाशिकच्या 3 क्रमांकाच्या लेण्यात (‘पांडवलेणी’ म्हणतात, पांडवांचा काडीचा संबंध नाही) गौतमी बलश्रीच्या लेखात तिचा मुलगा गौतमीपुत्र ‘खखरातवसनिरवसेसकरस’, म्हणजे क्षहरात वंश निःशेष करणारा. लेकाचं कौतुक आईच्या लेखात असणारच. पण इथे नाणी तिच्या बाजूने साक्ष देतात.

साल मात्र हा पुरावा सांगत नाही. जुन्नरच्या लेखात नहपानाचं वर्ष 46 आहे. ते इ.स. 78 पासूनच्या शक कालगणनेतलं धरलं तर इ.स. 124च्या आसपास येतं. त्याच्या स्वतःच्या राज्यवर्षांतलं धरलं, तर नहपान आणि त्याच्यामागोमाग गौतमीपुत्र, दोघेही मागे सरकतात. अभ्यासकांचे यावर अजून दोन तट आहेत.