दुखायच्या आधीची गोळी

सोलापुरातल्या कुठल्याही सर्जिकल वॉर्डात संध्याकाळी एक चक्कर मारा. मराठी, कन्नड, तेलुगू, तिन्ही भाषांत नातेवाइकांचा एकच सल्ला कानावर पडतो: "जरा सोसा. सारख्या गोळ्या घेतल्या की जखम भरत नाही." परवा पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या मोहोळकडच्या एका आजींच्या उशीखाली कागदात गुंडाळलेल्या गोळ्या सापडल्या. विचारलं तर म्हणाल्या, "आता थोडंच दुखालंय की. लई झालं की घेते." मी भूलतज्ज्ञ आहे, हे वाक्य मला नवीन नाही. कधीमधी डोकं दुखतं तेव्हा असं थांबून बघणं चालतं. ऑपरेशननंतर चालत नाही, आणि त्याचं कारण पाठीच्या कण्यात दडलेलं आहे.

चिरा दिला की तिथल्या पेशी फुटतात आणि प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे आसपासच्या चेतातंतूंची टोकं हळवी होतात, म्हणून टाक्यांना नुसता हात लागला तरी कळ येते. अ‍ॅस्पिरिन ही प्रोस्टाग्लँडिनं तयार होणंच रोखतं, हे औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं. 1982 च्या नोबेलमध्ये या कामासाठी त्यांचाही वाटा होता. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही त्याच घरातली औषधं.

इथवरची गोष्ट जखमेतली. माझी आवडती गोष्ट याच्या पुढे सुरू होते.

जखमेतून निघालेली बातमी दोन प्रकारच्या तंतूंवरून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूकडे जाते. एक प्रकार जलद: ठेच लागल्या क्षणी येते ती तीव्र कळ त्याची. दुसरा, 'सी' तंतूंचा, फार संथ. सेकंदाला साधारण एक मीटर. मागाहून सुरू होणारा ठणका तो आणतो. हे सी तंतू मज्जारज्जूच्या मागच्या भागात पुढच्या चेतापेशीला भेटतात आणि तिथे ग्लुटामेट नावाचं रसायन सोडतात. त्या पेशीवर ग्लुटामेट ओळखणारी दोन प्रकारची दारं असतात. एक लगेच उघडतं आणि लगेच मिटतं. दुसऱ्याचं नाव एनएमडीए, आणि त्याच्या तोंडात बाटलीला बूच बसवावं तसा मॅग्नेशियमचा एक आयन अडकलेला असतो. पेशीच्या आत ऋण विद्युतभार असतो आणि मॅग्नेशियम धनभारित, म्हणून तो आतल्या ओढीनेच तिथे धरून ठेवला जातो. अधूनमधून संदेश आला तर बूच हलत नाही. पण सी तंतू तासन्‌तास संदेश पाठवत राहिले, तर पेशीच्या आतला ऋणभार कमी होत जातो, ओढ सैल पडते आणि मॅग्नेशियम सुटतो. मोकळ्या दारातून कॅल्शियम आत घुसतं. कॅल्शियममुळे आतली विकरं (एन्झाइम्स) जागी होतात, ग्लुटामेटच्या दारांना फॉस्फेट चिकटवतात, नवी दारं पृष्ठभागावर आणून बसवतात. आता जखमेतून तेवढाच संदेश आला तरी पेशी कितीतरी जास्त ओरडते. एरवी नुसता स्पर्श कळवणारे तंतूही तिला चेतवू लागतात, मग अंगावरची चादरसुद्धा बोचते. जखम तेवढीच असते. दुखणं वाढलेलं असतं.

मज्जारज्जूत असा बदल होतो याचा पुरावा चेताशास्त्रज्ञ क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केला. मला थक्क करते ती गोष्ट म्हणजे हेच एनएमडीए दार मेंदूत आठवणी पक्क्या करतं. ज्या यंत्रणेने आपण पाढे पाठ केले, त्याच यंत्रणेने मज्जारज्जू दुखणं पाठ करतो.

म्हणून "लई झालं की घेते" हा हिशेब महागात पडतो. दारं एकदा वाढली की तीच गोळी अपुरी पडते आणि जास्त जोराचं औषध द्यावं लागतं. त्यापेक्षा पहिले दोन-तीन दिवस घड्याळ बघून औषध द्यायचं, तेही वेगवेगळ्या ठिकाणी काम करणारं: चिऱ्याजवळ किंवा नसेभोवती बधिर करणारं इंजेक्शन, ठरावीक तासांनी पॅरासिटामॉल, जोडीला डायक्लोफिनॅकसारखी सूज उतरवणारी गोळी, आणि गरज पडली तरच ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनसारखं जोराचं औषध. सगळ्यांचे डोस मग लहान पुरतात. अर्थात मूत्रपिंडाचा विकार किंवा पोटात अल्सर असेल तर डायक्लोफिनॅकच्या वाटेला जायचं नाही, आणि पॅरासिटामॉल निरोगी प्रौढालाही दिवसाला चार ग्रॅमच्या वर नाही. मॉर्फिनचं व्यसन लागेल ही भीती अगदीच निराधार नाही. ते घरी मनाने चालू ठेवू नये. पण वॉर्डात, देखरेखीखाली, दोन दिवस दिलेल्या औषधाला भिऊन पेशंटला तळमळत ठेवणं मला क्रूर वाटतं.

सोसण्याची किंमत फुप्फुसंही मोजतात. पोटावर चिरा असलेला माणूस दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग फुप्फुसांचा खालचा भाग मिटतो, कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. पलंगावरून न उतरणाऱ्याच्या पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून पडल्यापडल्या "दुखतंय का?" हे विचारून मला समाधान होत नाही. "आजी, उशी पोटाशी धरा आणि खोका बरं," असं सांगून त्यांचा चेहरा बघितला की खरं उत्तर मिळतं.

आपल्याकडे भात आणि तुरीची डाळ खाल्ली की टाके पिकतात, असं छातीठोकपणे सांगतात. टाके जंतूंमुळे पिकतात, ताब्यात नसलेल्या मधुमेहात जास्त पिकतात. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि नेमकी डाळच ताटातून काढली जाते! 'वेदनारहित शस्त्रक्रिया' अशी पाटी लावणाऱ्यांवरही माझा तितकाच राग आहे. दुर्बिणीने केली तरी चिरा तो चिराच. दुखणं कमी असतं, शून्य नसतं. आणि शून्याची आशा लावलेला पेशंट थोडं दुखलं तरी घाबरतो, घाबरल्यावर त्याला आणखी दुखतं.

घरी जाताना कोणती गोळी किती तासांनी, किती दिवस आणि जेवणाआधी की नंतर, हे कागदावर लिहून घ्या. दुखणं दिवसागणिक उतरायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते उलट वाढू लागलं, ताप आला, टाक्यांभोवती लाली पसरली किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर गोळी वाढवत बसू नका. त्याच दिवशी सर्जनला दाखवा. आणि दम लागला किंवा छातीत दुखलं, तर रात्र असली तरी निघा.