डाळिंबाने न भरणारे रक्त

सोलापुरात मूल फिकट दिसलं की सल्ला ठरलेला: डाळिंब द्या, रक्त भरेल. फळ उत्तमच, पण त्यात लोह फारसं नसतं. शिवाय काही मुलांत कमतरता लोहाची नसतेच. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही उतरतात, कारण त्या घडवणारी अस्थिमज्जाच निकामी होत असते.

अशा आनुवंशिक आजारांत ठळक नाव फॅन्कोनी ॲनिमियाचं. स्विस बालरोगतज्ज्ञ गिडो फॅन्कोनी यांनी १९२७ मध्ये तीन भावांमध्ये तो नोंदवला. बऱ्याच मुलांची उंची खुंटते, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असतात, अंगठा लहान असतो किंवा नसतोच. मग ‘ग्रहणात विळी धरली होतीस’ असं म्हणत आईला जन्मभर बोल लावले जातात. हे धादांत खोटं आहे आणि क्रूरही. दोष जनुकात असतो, आणि बहुतेक वेळा तो आई-वडील दोघांकडून आलेला असतो.

आता गाभ्याचं. पेशी दुभंगण्याआधी डीएनएचे दोन धागे सुटे व्हावे लागतात. पण आपल्याच चयापचयात तयार होणारे फॉर्माल्डिहाइडसारखे पदार्थ ते कधीकधी एकमेकांना पक्के जोडून टाकतात. मागावर ताण्याचे दोन धागे खळीने चिकटले की धोटा अडतो, तशी डीएनएची नक्कल तिथे अडते. अशा वेळी फॅन्कोनी गटातली आठेक प्रथिनं एकत्र येऊन फॅन्क-डी२ आणि फॅन्क-आय या जोडीवर युबिक्विटिन नावाची खूण चिकटवतात. त्या खुणेमुळे कात्रीसारखी विकरं येतात आणि एका धाग्याला गाठीच्या दोन्ही बाजूंनी छेद देतात. त्यातून झालेली तूट बीआरसीए२ आणि रॅड५१ ही प्रथिनं शेजारच्या शाबूत प्रतीवरून भरून काढतात. स्तनाच्या कर्करोगामुळे माहीत झालेलं बीआरसीए२ ते हेच! त्याची एक प्रत बिघडली तर कर्करोगाचा धोका वाढतो, दोन्ही बिघडल्या तर फॅन्कोनी ॲनिमिया होतो.

बिघडली की हा आजार होतो अशी २० हून अधिक जनुकं आज माहीत आहेत. आई-वडील दोघंही वाहक असतील, म्हणजे दोघांकडेही एकाच जनुकाची एक प्रत बिघडलेली असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत आहे. आते-मामे भावंडांची सुमारे एक अष्टमांश जनुकं सामाईक असतात, त्यामुळे एकच बिघाड दोघांकडे असण्याची शक्यता वाढते.

रक्तपेशी घडवणाऱ्या ज्या मूळ पेशींची दुरुस्ती होत नाही त्या मरतात, मज्जा रिकामी होत जाते. ज्या तगतात त्यांची गुणसूत्रं तुटून भलतीकडे जुळतात आणि तिथून रक्ताचा कर्करोग सुरू होऊ शकतो. या आजारात मावा-तंबाखू कधीही न खाल्लेल्यांनाही ऐन तरुणपणी तोंडाचा कर्करोग होऊ शकतो.

म्हणूनच निदान आधी हवं. रक्तातल्या पेशींवर मायटोमायसिन-सी हे डीएनएचे धागे जोडून टाकणारं औषध टाकून गुणसूत्रं किती तुटतात ते पाहतात. मज्जेच्या प्रत्यारोपणापूर्वीची नेहमीच्या मात्रेतली केमोथेरपी या मुलांच्या जिवावर बेतू शकते. मज्जा देणाऱ्या सख्ख्या भावंडाचीही हीच चाचणी करावी लागते, कारण वरून धडधाकट दिसणाऱ्या भावालाही आजार असू शकतो. प्रत्यारोपणाने रक्त सुधारतं, तोंडातल्या पेशी मात्र जुन्याच राहतात. त्यामुळे वयाच्या १० व्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी जाणकार डॉक्टरांकडून तोंड तपासून घ्यावं, प्रत्यारोपण झालेलं असलं तरीही.